शकीलभाईंनी निवडलेली सायकल

शकीलभाई कुणाच्या घरी व्यायामाच्या मशीनबद्दल सल्ला द्यायला गेले, की आधी मशीनचं नावच काढत नसत. ज्याला ती वापरायची आहे त्या माणसाला ते जिन्यापाशी नेत आणि म्हणत, "चढा. वरून हात लावून या. अन् बोलत राहा. काहीबी बोला, पन थांबू नका." घरातली माणसं हसत. तो माणूस लाजत लाजत, भाजीचे भाव किंवा पोरांच्या परीक्षा सांगत जिना चढे. शकीलभाई खाली डोळे मिटून उभे असत. कितव्या पायरीला वाक्य तुटलं, श्वास नाकाने घेतला की तोंडाने, उतरताना कुठला पाय आधी टाकला, हे सगळं ते ऐकूनच ओळखत. मग डोळे उघडून निकाल देत. ट्रेडमिल, सायकल, की दोन दांडे धरून उभ्याने पाय फिरवायची ती तिसरी मशीन. बऱ्याचदा निकाल असा असे, "काही घेऊ नका. अंगणात चाला."

पांढरकवड्यात त्या वर्षांत अशा मशिनी घरोघरी नव्हे, पण बंगल्याबंगल्यांत यायला लागल्या होत्या. कापसाचे ते वाईट दिवस होते. गावातल्या जुन्या जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या, आणि ज्यांनी बियाणं आणि फवारणीची औषधं विकली त्यांची पोटं सुटत होती. डॉक्टर त्यांना चालायला सांगत. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत चालणार कोण? म्हणून मशिनी येत, महिनाभर चालत, आणि मग बिघडत किंवा त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत. त्या दुरुस्त करणारा माणूस पूर्ण तालुक्यात एकच होता.

मी शकीलभाईंना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. आम्ही दोघं एकाच जिनिंगमध्ये होतो. मी हजेरी बाबू आणि ते फिटर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची मोठी रांग हॉलमध्ये होती, आणि तिथे बावीस वर्षं शकीलभाईंचा मुक्काम असे. उंच, सडपातळ माणूस. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक एका रेच्याने नेलेलं. खांद्यावर कायम एक निळी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. स्क्रूड्रायव्हरचं पातं चालू मशीनवर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावत आणि आतलं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. "बोलून राह्यली ते," असं मशीनबद्दल म्हणत. "मानूस खोटं बोलते बाबूजी, मशीन नाई बोलत. तिले तेवढी अक्कल नाई."

हॉलमध्ये हवेत रुई तरंगायची. दुपारच्या उन्हात दारातून आत पाहिलं तर कामावरच्या बायका आणि रेचे धुक्यात उभे असल्यासारखे दिसत. मी हजेरी घ्यायला दारापर्यंत जाई, आत जात नसे. दारात उभा राहून नावं पुकारी आणि परत ऑफिसच्या पंख्याखाली येऊन बसे. सोमवारी हॉलमध्ये खोकला जास्त असे. रविवारच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सगळ्यांच्या छात्या आवळत. शकीलभाई हसून म्हणत, "रविवारी फेफडे आराम करते. सोमवारी मंग कामावर यायले नाई म्हनते." मंगळवारपर्यंत बरं वाटे. पुढे पुढे मंगळवारीही बरं वाटेनासं झालं, मग बुधवारीही. हे मला माहीत होतं, कारण कोण कुठल्या दिवशी अर्ध्या दिवसाने घरी गेलं ते मीच लिहीत होतो.

जिनिंग बंद झाली तेव्हा तिचे मालक शेठजी म्हातारे झाले होते. त्यांच्या मुलाने हायवेला नवीन स्वयंचलित कारखाना टाकला. तिथे माणसं फार लागणार नव्हती. मला मात्र त्याने ऑफिसात ठेवून घेतलं. शकीलभाईंनी बस स्टँडमागे दुकान उघडलं. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. एक दिवस एका कृषी केंद्रवाल्याने त्यांना घरी बोलावून ट्रेडमिल दाखवली. शकीलभाईंनी अशी मशीन पहिल्यांदाच पाहिली होती. ते मला नंतर सांगत होते, "बाबूजी, झाकन उघडलं तं आत काय, एक मोटर, एक पट्टा, दोन रोलर. म्हटलं, हे तं आपला रेचाच हाये. कापसाच्या जागी मानूस टाकला."

त्या कृषी केंद्रवाल्याला पुढच्या वर्षी आणखी मोठी, टीव्ही लावलेली ट्रेडमिल घ्यायची होती. शकीलभाईंनी विचारलं, "चढन कोन?" तो म्हणाला, "सगळे." शकीलभाई म्हणाले, "सगळे म्हंजे कोनीच नाई. एका मानसाचं नाव सांगा." नाव काही निघालं नाही. अखेर त्याच्या बायकोने दारातून हळूच सांगितलं, "मी चालीन." तिला जिना चढायला लावला तर आठव्या पायरीला ती कठड्याला धरून थांबली. गुडघे गेलेले. शकीलभाईंनी त्या बाईंसाठी पाठीला टेकू असलेली, खाली बसून चालवायची सायकल सांगितली. नवऱ्याला ते आवडलं नाही. पाहुण्यांना दाखवण्यासारखी ती दिसत नव्हती. "मशीन दाखवायची नसते साहेब, चढायची असते," असं म्हणून शकीलभाई उठले. नवऱ्याने ट्रेडमिलच आणली. भारनियमनाचे दिवस होते, वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नव्हता. बाई पट्ट्यावर चालत असताना वीज गेली, पट्टा जागच्या जागी थांबला आणि त्या समोरच्या दांड्यावर तोंडघशी पडल्या. पुढचे दोन दात गेले. शकीलभाईंना ते कळलं तेव्हा ते दुकानात डोकं धरून बसले. "माह्यं चुकलं," म्हणाले. "मी उठून यायले नव्हतं पाह्यजे. भांडायले पाह्यजे होतं."

स्वतः ते कुठलीही मशीन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवून पाहू शकत नव्हते. दुरुस्ती झाली की घरातल्या कुणालातरी चढवत आणि स्वतः बाजूला बसून, तोंडावर दस्ती धरून आवाज ऐकत. लोकांच्या छातीसाठी मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाची स्वतःची छाती संपत आली होती. गावातले डॉक्टर दमा म्हणून औषध देत. मग यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट बसवून विचारलं की आयुष्यभर काम काय केलं. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "हा साधा दमा नाही चाचा. कापसाच्या धुळीचा आजार आहे. तुम्ही जिनिंगच्या हॉलमध्ये इतकी वर्षं काम केलं असं मालकाकडून लिहून आणा. मग भरपाईच्या अर्जाचं मी पाहते."

ते लिहून घ्यायला शकीलभाई माझ्याकडे आले.

नव्या कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या, तशी तिथे पद्धत नसतानाही. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि कागद घेऊन आतल्या खोलीत शेठजींच्या मुलाकडे गेलो. त्याने मोबाईलवरून डोळे काढले नाहीत. "एकाला लिहून दिलं की उद्या अख्खं गाव खोकत येईल," तो म्हणाला. "हंगामी कामगार होते, आवारातलं काम होतं, असं लिहा. खोटं नको, तेवढंच लिहा." मी म्हणालो, "ते तर हॉलमध्ये..." त्याने तेव्हा डोळे वर केले. "बाबूजी, तुम्हाला निवृत्त व्हायला किती वर्षं आहेत?"

मी बाहेर येऊन लिहिलं. हंगामी कामगार. काम आवारात. कारखान्याचा शिक्का मारला.

शकीलभाई मराठी वाचत, पण सावकाश, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. मी खिडकीबाहेर पाहत उभा होतो. कागद वाचून झाला तेव्हा त्यांनी त्याच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला. चहा तसाच होता. "अक्षर तं तुमचंच हाये बाबूजी," ते म्हणाले. "मले वाटलं, आत कोनी दुसऱ्यानं लिहून देल्लं का काय." बाहेर जाऊन चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला. वाकलं की त्यांना श्वास पुरत नसे.

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी बस स्टँडमागच्या रस्त्याने गेलो नाही. भाजीला जायचं तरी वळसा घालून जात असे.

मग माझीच छाती दुखली. नागपूरला नेलं, स्टेंट बसवली. डॉक्टरांनी सांगितलं की रोज चाळीस मिनिटं शरीर हललं पाहिजे, नाहीतर पुन्हा इथेच भेट होईल. शेठजींच्या मुलाने फोन करून विचारपूस केली आणि म्हणाला, बंगल्यावरची जुनी ट्रेडमिल पडून आहे, घेऊन जा, आम्ही नवी मागवली आहे. मी हो म्हणालो. माझ्या बायकोला मात्र वाटलं की चालू आहे की नाही हे कुणी जाणकाराने पाहून घ्यावं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने सरळ शकीलभाईंना बोलावलं.

मी बैठकीत पडून होतो. दारात खोकला ऐकू आला आणि मला घाम फुटला. बायको घाबरली. शकीलभाई म्हणाले, "काई नाई वहिनी, हे मले पाहून होऊन राह्यलं. पानी द्या त्याहिले." मग माझ्याकडे वळून, जणू कालच भेटलो होतो अशा सुरात म्हणाले, "उठा बाबूजी. जिना कुठी हाये?"

मी जिना चढलो. बोलत राहायचं म्हणून मी आमच्या घरमालकाबद्दल काहीतरी बरळलो. सहाव्या पायरीला थांबलो. शकीलभाई खालून म्हणाले, "बस. उतरा हळूहळू." ट्रेडमिलबद्दल ऐकून त्यांनी मान हलवली. "ते मशीन म्या दोनदा उघडलेली हाये. मोटर लहान, वजन पेलत नाई. पट्टा आखूड, तुमचं पाऊल लांब. अन् वीज गेली का झटका बसन. नवीन टाका बसलेल्या दिलाले झटका कायले पाह्यजे? फुकटात भेटली म्हनून काय झालं." बायको म्हणाली, "मंग कोणती घ्यावी भाऊ?" ते म्हणाले, "यवतमाळले दुकान हाये. मी संगं येतो. त्याहिले बसवल्याशिवाय कशी सांगू?"

आम्ही एसटीने गेलो. ते खिडकीशी बसले, तोंडावर दस्ती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पराटी उभी होती. मोहदा गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "शकीलभाई, तुम्ही काहून आले?" ते बाहेर पाहतच म्हणाले, "वहिनीनं बोलावलं." थोड्या वेळाने म्हणाले, "चुकीची मशीन कोनाले घेऊ देता येत नाई मले. दुश्मनालेबी नाई. हातच नाई होत."



दुकानात चार-पाच मशिनी मांडल्या होत्या. उभ्या दांड्यांच्या मशीनवर त्यांनी मला चढवलं. पावलं फिरताना ती डुगडुगत होती. "हे स्वस्तातली हाये, हिचा फेरा लहान हाये. तुमाले टाचा उचलून नाचा लागन. अन् तोल गेला तं?" दुकानदाराला ते आवडलेलं दिसलं नाही. मग सायकली. पहिलीचं चाक हाताने फिरवून त्यांनी कान लावला. "हिच्यात कापडाचं पॅड घासते. सहा महिन्यांत झिजन, मंग कधी जड, कधी हलकी. दिलाले असं नाई चालत. चुंबकवाली दाखवा." चुंबकवाली आली. त्यांनी तिचं चाक फिरवलं आणि हात काढला. ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहिलं. शकीलभाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी जिनिंगमध्ये पाहिलेलं होतं. त्यांनी सीट वर-खाली करून माझा गुडघा खालच्या टोकाला किंचित वाकलेला राहील अशी बसवली. हे करायला ते जमिनीवर बसले, आणि उठताना दुकानदाराला त्यांना हात द्यावा लागला.

"आता मारा पायडल," ते म्हणाले. "अन् बोला. बोलनं तुटलं नाई पाह्यजे, अन् गानं म्हनता येईन एवढं सोपंबी नाई पाह्यजे. तेच्या मधात तुमची रफ्तार हाये."

"काय बोलू?"

"हजेरी घ्या."

मला समजलं नाही.

"हजेरी हो. घेत होते ना रोज? हॉलची घ्या."

दुकानदार हसला. त्याला गंमत वाटली असावी. मी पाय मारत होतो आणि तोंडातून नावं यायला लागली, मला आठवतात की नाही याचा विचार करण्याआधीच. सुमन. कौसाबाई. लक्ष्मी टेकाम. मोठी रुक्मिणी. लहान रुक्मिणी. शांता, रेचा नंबर सात. मी बावीस वर्षं त्याच क्रमाने पुकारत आलो होतो. शकीलभाई डोळे मिटून स्टुलावर बसले होते. त्यातल्या कितीजणी आता नाहीत हे मला पुकारताना जाणवत होतं आणि पाय थांबवता येत नव्हते. बायका संपल्या, मग फिटर आले.

"शकील खाँ," मी म्हणालो. "हॉल. कायम."

माझा श्वास तुटला नव्हता. शकीलभाईंनी डोळे उघडले. सायकलच्या वेगाच्या काट्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले. "हेच रफ्तार. याच्या वर जाऊ नका."

तेवढंच. सायकल पॅक करायला सांगून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्यानंतर मी साधा कागद घेतला आणि खरं काय ते लिहून काढलं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी लिहिलं, पण सात महिन्यांनी. निवृत्त झालो, शेवटचे सगळे कागद हातात पडले, त्याच आठवड्यात. मधल्या काळात शकीलभाई दोनदा घरी येऊन गेले. एकदा सीटचा नट घट्ट करायला आणि एकदा नुसतंच, मी रोज बसतो की नाही ते विचारायला. "टॉवेल नाई ना वाळत तिच्यावर?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. दुसऱ्या वेळी ते आमच्या फाटकापासून दारापर्यंत येताना दोनदा थांबले. मी खिडकीतून पाहत होतो. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढला नाही. मला वाटत होतं, वेळ आहे.

कागदावर मी सगळं लिहिलं. बावीस वर्षं, कायम, रेच्यांच्या हॉलमध्ये, मी स्वतः रोज हजेरी घेतली आहे, आणि आधीचा दाखला मी मालकाच्या सांगण्यावरून खोटा लिहिला. खाली सही केली. दुकानात गेलो तर कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, चाचांना यवतमाळला भरती केलं आहे.

मी पहिल्या एसटीने गेलो. वॉर्डाच्या दारात रजियाभाभी बसल्या होत्या, शकीलभाईंच्या पत्नी. त्यांनी मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. शकीलभाई तासाभरापूर्वीच गेले होते. मुलगी आदिलाबादहून निघाली होती, अजून पोचायची होती. त्या तरुण डॉक्टरीणबाईंबद्दल मी विचारलं, तर त्यांची बदली होऊन वर्ष झालं होतं.

भाभी म्हणाल्या, "बाबूजी, ते खिडकीवर कागज मागून राह्यले. मले काई समजत नाई. तुमी लिहून द्या ना. तुमाले येते."

खिडकीमागे एक चष्मेवाला कारकून होता, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मृत्यूच्या नोंदीसाठी तो विचारत गेला, मी सांगत गेलो. नाव. वय. पत्ता. मग म्हणाला, "धंदा?"

मी म्हणालो, "जिनिंगमध्ये फिटर. बावीस वर्षं, रेच्यांच्या हॉलमध्ये. कायम. धुळीत. त्यानेच आजार झाला, तसं लिहा. माझ्याकडे कागद आहे, मी हजेरी घेत होतो." मी खिशातून कागद काढून खिडकीतून आत सरकवला.

त्याने तो वाचला. पूर्ण वाचला, एवढं मात्र खरं. मग परत माझ्याकडे सरकवला. "हे इथे नाही लागत काका," तो सौम्यपणे म्हणाला. "हे पेशंट असताना डॉक्टरांकडे द्यायचं असतं. आणि इथे रकाना लहान आहे."

माझ्यामागे आणखी माणसं उभी होती. त्याने पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच लिहिलं : मिस्त्री.

"इथे सही करा," तो म्हणाला. मी केली.